गिधाडाचा बोकड

मनोहरशेठ कोठेकरांच्या पांढऱ्या सफारीवर गिधाड ओकलं, तेव्हा रंगीत तालीम सुरू होऊन जेमतेम चार मिनिटं झाली होती.

तालमीची कल्पना शेठचीच. दोन दिवसांनी साहेबांच्या शुभहस्ते पक्षी आकाशात सोडायचा होता, आणि साहेबांच्या हातात काहीही जाण्याआधी ते आपल्या हातातून गेलेलं बरं, हा शेठचा सार्वजनिक जीवनातला नियम होता. ते आमच्या सृष्टिसखा मंडळाचे अध्यक्ष, मी कार्यवाह. निगडोलीच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत असे, पण तालुका मला ओळखायचा तो सूत्रसंचालक म्हणून. एकसष्टी असो, रक्तदान असो की बोअरवेलचं उद्घाटन असो, माइक माझ्या हातात असायचा आणि खिशात यमक जुळलेल्या चार ओळी.

गिधाड हौसा वाघमारेच्या काखेत होतं. जखमी पक्ष्यांच्या आमच्या केंद्रात राखणीपासून मलमपट्टीपर्यंत सगळं ती करायची. पलीकडच्या कातकरवाडीतली, पन्नाशीला टेकलेली बाई. मंडळाच्या पत्रकात तिला मदतनीस म्हटलेलं असे. प्रत्यक्षात मदतनीस आम्ही होतो, आणि तेही फारशा कामाचे नव्हतो.

शेठनी सत्यनारायणाचा प्रसाद घ्यावा तसे दोन्ही हात पुढं केले. गिधाडानं त्यांच्याकडं नीट पाहिलं, मान खाली घातली, आणि सकाळपासून पोटात सांभाळलेलं सगळं शेठच्या छातीवर रिकामं केलं.

मेलेल्या जनावराचा वास कसा असतो ते बहुतेकांना ठाऊक असतं. तेच जनावर कुणीतरी एकदा जेवून, गरम करून पुन्हा वाढलं तर कसं वाटेल, तसा तो वास होता. शेठ हात पसरून तसेच उभे राहिले. एरवी त्यांच्या खांद्यावरचा पडलेला केससुद्धा उचलणारे आमचे खजिनदार तेवढ्यात पाण्याच्या टाकीकडं काहीतरी पाहायला गेले.

"रागावू नका शेठ," हौसा शांतपणे म्हणाली. "भ्याला म्हंजे असाच करतो तो. जवळ असेल-नसेल ते सगळं समोरच्याला देऊन टाकतो नि हलका होऊन उडतो. त्याच्याकडं दुसरं काय हाय द्यायला?"

हे आधी का सांगितलं नाही, असं शेठनी दातओठ खात विचारलं. तिनं माझ्याकडं हनुवटी केली. उपाशी ठेवल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तिनं मला सकाळीच बजावलं होतं. मी म्हणालो होतो की ही तालीम आहे, खरं थोडंच आहे.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट.

ते पांढऱ्या पाठीचं गिधाड होतं. सप्टेंबरात भाताच्या खाचरात सापडलं, विजेच्या तारेला आपटून डावा पंख मोडलेलं. पलीकडच्या काळकड्यावर एकेकाळी शेकड्यांनी गिधाडं असत म्हणतात. त्या वर्षी मोजली तेव्हा सात भरली. हे आठवं. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर माणगावकर बाईंनी पंख बांधला, आणि पुढचे पाच महिने हौसानं त्याला सांभाळलं. टक्कल, वाकलेली मान आणि सतत कुरकुरणारा चेहरा बघून ती त्याला म्हातारा म्हणायची. म्हाताऱ्यानं आज पंख उघडला, म्हातारा आज दोन फांद्या वर बसला, अशा बातम्या ती मला कॉलेजच्या फाटकाशी येऊन देई. फेब्रुवारीत तो पिंजऱ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडं एका दमात जाऊ लागला. पाच महिन्यांचा सगळा खटाटोप त्याला कड्यावरच्या त्या सातांत परत नेऊन बसवण्यासाठी होता. दुसरं काही नाही.

यात एकच गोष्ट कडक होती, ती म्हणजे त्याचं खाणं. गिधाडाला कुजकं चालतं, किडकं चालतं, साथीच्या रोगानं मेलेलंही पचतं. चालत नाही ती फक्त एक साधी वेदनाशामक सुई. ती टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की दोनतीन दिवसांत त्याची मूत्रपिंडं बंद पडतात आणि पक्षी मान टाकतो. जनावरांसाठी ते औषध सरकारनं बंद केलं होतं, पण माणसांसाठी चालू होतं. आणि माणसाची बाटली जनावराला टोचायला सुई तेवढी जाड लागते. कडे रिकामे झाले ते त्यामुळंच. म्हणून आमच्याकडं नियम होता, की वरच्या वाडीतल्या बिरू ढेबेकडून धडधाकट बोकड जिवंत आणायचा, पंधरा दिवस केंद्राच्या दारात बांधायचा, हौसानं डोळ्यांत तेल घालून बघायचा आणि मगच कापायचा. डॉक्टर बाईंनी घालून दिलेला हा नियम हौसा व्रतासारखा पाळायची.

मी गिधाडांवर एक माहितीपत्रकही लिहिलं होतं. 'गिधाडे मृत जनावरांचे मांस खाऊन परिसर स्वच्छ ठेवतात' असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. सुईबद्दलचा परिच्छेद जागेअभावी गाळावा लागला. मागच्या पानावर शेठच्या खताच्या दुकानाची जाहिरात होती.

हौसाचा बेत साधा होता. पहाटे पिंजऱ्याचं दार उघडायचं, बोकड बाहेर टाकायचा, आणि आपण सगळ्यांनी तिथून चालतं व्हायचं. म्हातारा पोटभर खाईल, दोन तास ढिम्म बसेल, उन्हं तापली की आपला आपण वर जाईल. ह्यात कुणाचे हस्त लागत नव्हते. मंडळाच्या बैठकीत शेठनी हा बेत ऐकून घेतला आणि म्हणाले की पाच महिने खपून पक्षी चोरासारखा सोडायचा असेल तर मंडळ काढलंच कशाला.

त्यातून योगायोगानं साहेबांचा वाढदिवस आला. साहेब म्हणजे आमच्या भागातले माजी राज्यमंत्री, होऊ घातलेले मंत्री. पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यासाठी डोंगरउताराची दोन एकर जागा ते मनात आणतील तर मिळणार होती. मला ती जागा हवी होती. हे मी आजही नाकारत नाही. शंभर फुटी पिंजरा झाला असता तर पुढचे कितीतरी पक्षी वाचले असते, हा हिशेब मी स्वतःला इतक्या वेळा समजावला होता की तो मला पाठ झाला होता.

अडचण निघाली ती नावाची. साहेबांच्या स्वीय सहाय्यकांचा फोन आला. वाढदिवसाच्या बॅनरवर साहेबांच्या फोटोशेजारी गिधाड हा शब्द छापून विरोधकांना काय वर्षभराची बेगमी करून द्यायची आहे का, असं त्यांनी विचारलं. गरुड म्हणता येणार नाही का? मी म्हटलं, तसं म्हणणं अशास्त्रीय होईल. मग दोन मिनिटं विचार करून मीच तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी चौकात पंधरा फुटी बॅनर लागलं, 'जटायूमुक्ती सोहळा'. शेठनी माझी पाठ थोपटली. "ह्याच्यासाठी तर तुम्हाला ठेवलंय, सर," ते म्हणाले.

तर तालमीत सफारी गेली, आणि साहेबांनी पक्षी हातात घ्यायचा नाही हे पक्कं झालं. नवा कार्यक्रम असा ठरला, की साहेबांनी चांदीच्या ताटातून जटायूला घास द्यायचा, मग पिंजऱ्याच्या दाराची फीत ओढायची. हौसाला हे पसंत नव्हतं, पण तिनं त्यातही मार्ग काढला. म्हाताऱ्याला दीड दिवस उपाशी ठेवते, म्हणजे माणसं असली तरी खाईल. पण घास मुठीएवढाच. पोट भरलं तर उडणार नाही. आणि मांस आपल्याच बोकडाचं, मी कापलेलं. पंधरा दिवस बघितलेला बोकड दारात उभाच होता. कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे तिनं तो कापला, साफ केला आणि मागच्या शेडमध्ये आकड्याला टांगून कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडं दिली, कारण तिला मांडवातली माणसं पिंजऱ्यापासून हाकलत बसायचं होतं.

डॉक्टर बाई प्रशिक्षणासाठी पुण्याला होत्या. त्यांनी फोनवर मला तीनदा विचारलं, की हौसा सांगेल तसंच होणार ना. मी तीनदा हो म्हणालो.

आठ वाजता निरोप आला की साहेबांबरोबर साठ माणसं जास्तीची आहेत. कार्यक्रम अकराचा होता, तो दीडला ढकलला होता. म्हणजे आधी जेवणं आणि मग मुक्ती. आचाऱ्यानं हात वर केले. एवढ्या माणसांना मटण पुरणार नाही, आणि आज सोमवार, बाजारातली दुकानं बंद. शेठ पाच मिनिटं फेऱ्या घालत राहिले. मग माझ्याकडं आले आणि शेडची किल्ली मागितली.

मला समजलं नाही असं मी म्हणणार नाही. मी एवढंच विचारलं, की मग पक्ष्याला काय.

"अहो सर, पुस्तक तुमचंच आहे ना?" शेठ म्हणाले. "मेलेलं जनावर खातं असं तुम्हीच छापलंय. दत्तूला पाठवलंय वरच्या गावात, तिकडं काल एक वासरू मेलंय. गिधाडाला ताजं मटण आणि साहेबांच्या माणसांना वरण-भात, असं कुठं असतं का?"

मी किल्ली दिली.

हौसाला ते कळलं तेव्हा बोकड पातेल्यात पडून तासभर झाला होता. तिनं आरडाओरडा केला नाही. आचाऱ्याच्या चुलाणापाशी जाऊन ती जरा वेळ उभी राहिली, रटरटणाऱ्या रश्श्याकडं बघत. मग माझ्याकडं आली आणि म्हणाली की आज घास नाही. म्हातारा उपाशीच सोडू, कड्यापर्यंत जायला त्याला काही होत नाही. फक्त फीत ओढू द्या.

बरोबर बोलत होती. मला फक्त माइकवरून एक वाक्य बोलायचं होतं. असली वाक्यं मी झोपेतही जुळवत असे. 'काही तांत्रिक कारणास्तव' एवढ्या तीन शब्दांत मी आजवर वीज गेलेली, वक्ता न आलेला आणि एकदा तर नवरदेव पळालेला असे सगळे प्रसंग झाकले होते. मी तिला म्हणालो, बघतो.

साहेब आले. त्यांच्या पाठोपाठ एकवीस गाड्या आल्या. मांडवात पंगत बसली. तिचं वर्णन करायला नको, पण केल्याशिवाय राहवतही नाही. पिंजऱ्यापासून तीस पावलांवर दीडशे माणसं एका लयीत चावत होती. हाडं फोडल्याचा आवाज येत होता. रश्श्याचे ओघळ कोपरापर्यंत आले होते, ते माणसं जिभेनं वर घेत होती. कार्यकर्ते बादल्या घेऊन धावत होते आणि 'तर्री' म्हणून ओरडत होते. एकजण उठून मांडवाच्या खांबाला हात पुसत होता, आणि पुसून परत बसत होता. जाळीपलीकडं दीड दिवसाचा उपाशी म्हातारा फांदीवर मान आत ओढून बसला होता आणि ह्या सगळ्याकडं बघत होता. पाचपन्नास माणसं जेवून झाल्यावर त्याच्याबरोबर फोटो काढून गेली. किती घाण पक्षी आहे, असं त्यातली बरीच म्हणाली. तोंडात बडीशेप होती.

तीनच्या सुमारास शेठचा ड्रायव्हर दत्तू पोत्यात वासराची मागची तंगडी घेऊन आला. हौसानं पोतं वाटेतच अडवलं.

"कशानं मेलं वासरू?"

"पाय सुजला होता म्हणत होते. उठतच नव्हतं दोन दिवस."

"सुई दिली होती?"

दत्तू माझ्याकडं बघायला लागला. तिनं पुन्हा विचारलं.

"दिली असंल," तो म्हणाला. "दुखण्यावर देतात तसली. ह्या मांडीवरच तर भोक दिसतंय."

तिनं पोत्यातून हात काढला. पदराला पुसला. मग चांदीचं ताट उचलून माझ्या हातात दिलं.

"मी नाय ठेवणार," ती म्हणाली. "तुमाला ठेवायचं तर ठेवा."

त्याच वेळी मांडवातून शेठचा आवाज आला, की सर कुठायत, साहेबांना पुढं अजून दोन कार्यक्रम आहेत. सहाय्यक घड्याळ दाखवत उभे होते. दोन एकर जागेची घोषणा साहेबांच्या भाषणात होती, ते भाषण मीच लिहून दिलं होतं. मी सुरी घेतली. मांडीचा एक तुकडा कापला. मुठीएवढाच कापला, हे मला आठवतं. त्यात मी काळजी घेतली होती. सुईच्या भोकापासून लांबचा भागही मी बघितला होता, पण तो वाळून काळा पडला होता आणि ताटात शोभला नसता.

मग मी हात धुतले आणि माइक घेतला.

"रावणाच्या खड्गापुढेही जो न झुकला, ना हरला, त्या जटायूचा वंशज आज आपल्या अंगणी उतरला." टाळ्या पडल्या. रामायणातला जटायू, आमचा जटायू आणि साहेबांचा संघर्ष ह्यांची मी अशी काही मोट बांधली की शेवटी नक्की कुणाचे पंख छाटले गेले होते ते मलाही सांगता आलं नसतं. साहेब उठले. त्यांना ढेकर आला. तो त्यांनी शालीत घेतला. ताटातल्या तुकड्याला वास होता, म्हणून कुणीतरी त्यावर गुलाबपाणी शिंपडलं. आणखी कुणाच्या तरी सौभाग्यवतींनी पिंजऱ्याच्या दाराला हळद-कुंकू लावलं. नारळ फुटला. साहेबांनी नाकाला रुमाल लावून दुसऱ्या हातानं ताट जाळीच्या फटीतून आत सरकवलं.

मला वाटत होतं की तो खाणार नाही. इतकी माणसं, ढोल, कॅमेरे. मी मनातल्या मनात म्हणतसुद्धा होतो की नको खाऊस. म्हातारा फांदीवरून उतरला, ताटाभोवती एकदा फिरला. हौसा मांडवाच्या कडेला उभी होती. ती पुढं आली, जाळीशी आली, आणि त्याला हुसकायला तिनं हात वर केला. पण तिला बघून तो जास्तच जवळ आला. पाच महिने ती समोर आली म्हणजे खायला मिळत होतं. दोन घासांत तुकडा संपला.

फीत ओढली. दार उघडलं. म्हातारा उड्या मारत बाहेर आला, क्षणभर थांबला, आणि पंख पसरले. ते पंख एवढे मोठे आहेत हे मांडवातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं. आवाज एकदम थांबला. चारपाच जड फटकारे मारून तो आंब्यांच्या वर गेला, उताराचा वारा त्याला सापडला, आणि मग पंख न हलवता तो गोल गोल वर चढत राहिला. काळा, मध्येच पांढरा, मग ठिपका. माझ्या आयुष्यात मी त्याहून सुंदर काही पाहिलेलं नाही. माझ्या अंगावर काटा आला आणि मी तो माइकवरून बोलूनही दाखवला.

साहेबांनी जागेची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, ताट, रुमाल आणि जटायू. हौसा फोटोत जाळीपाशी हात वर करून उभी आहे. खाली छापलं होतं, 'निरोप देताना भावूक झालेली महिला कर्मचारी'.

पहिल्या दिवशी म्हातारा कड्यावर दिसला. हौसा रोज पहाटे तिकडं जात होती. दुसऱ्या दिवशी तो केंद्रामागच्या ऐनाच्या झाडावर येऊन बसला. तिसऱ्या दिवशी तिथंच होता, मान छातीवर लोंबत होती, हाक मारली की उचलायचा आणि पुन्हा टाकायचा. झाड सत्तर फूट उंच, हात पोचणार नव्हता, आणि पोचून उपयोगही नव्हता. हौसा दिवसभर झाडाखाली बसून होती म्हणे. मी गेलो नाही. माझं एका वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षण होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती त्याला धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली.

डॉक्टर बाई पुण्याहून परतल्या होत्या. त्यांनी केंद्रातल्या टेबलावर त्याला उघडलं. मी बावीस वर्षं फळ्यापाशी उभा होतो, म्हणून मला दुसरी उपमा सुचत नाही. आतल्या प्रत्येक अवयवावर कुणीतरी डस्टर झटकल्यासारखी खडूची पांढरी भुकटी बसली होती. मूत्रपिंडं बंद पडली की असंच होतं, बाई म्हणाल्या. मग मूत्रपिंडाचा तुकडा बाटलीत भरून त्यांनी हातमोजे काढले, फॉर्म पुढं ओढला आणि मला विचारलं की शेवटचं मांस कुठलं दिलं.

"बिरूच्या बोकडाचं," मी म्हणालो. "नेहमीचंच."

दारात उभी असलेली हौसा म्हणाली, "नाय. मेलेलं वासरू होतं. सुई दिलेलं. ह्यांनी ठेवलं ताटात."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणी मला दोन एकर दिसले नाहीत, साहेब दिसले नाहीत, शेठही नाही. मला फक्त दिसलं की ह्या बाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघतात ती नजर आता बदलणार आहे. आणि ते मला सोसवणार नव्हतं. एवढंच. इतक्या लहानशा गोष्टीसाठी मी इंग्रजीत बोललो, हौसाला समजू नये म्हणून. म्हटलं, तिला स्टेजवर बोलावलं नाही, सत्कार केला नाही, त्यामुळं ती दुखावली आहे. काहीबाही बोलते.

हौसाला भाषा कळली नाही. सूर कळला. ती टेबलापाशी आली.

"मग आपला बोकड गेला कुठं, सर?" तिनं विचारलं. "तुमी काय जेवलात त्या दिवशी?"

"वरण-भात," मी म्हणालो.

मी मटण जेवलो होतो. दोनदा मागून घेतलं होतं. बोकड कोवळा होता, पंधरा दिवस हौसाच्या हातचा हिरवा पाला खाल्लेला. शेठनी माझ्या पानात आग्रहानं नळी घातली, आणि मी ती ताटावर आपटून, तोंडाला लावून, आतला मगज ओढून घेतला होता. जाळीकडं पाठ करून बसलो होतो एवढंच.

डॉक्टर बाईंनी फॉर्मवर 'बोकड' असं लिहिलं. मग पेन ठेवून म्हणाल्या, की म्हणजे बिरूनं सुई दिलेला बोकड आपल्या गळ्यात मारला. पंधरा दिवसांआधीची असेल किंवा इथं येऊन गुपचूप टोचली असेल, पण टोचली. मी मान हलवली. हौसानं टेबलावरचं धोतराचं फडकं उचललं, घडी केली आणि ती निघून गेली. त्यानंतर ती केंद्रात आली नाही.

बिरूचे बोकड बंद झाले. ते एकवेळ चाललं असतं. पण मी पंधरा फुटी बॅनर लावून गिधाडाचा जटायू केला होता, आणि तालुक्यात गिधाड मेलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. मेला तो जटायू. बिरू ढेबेनं जटायूला विष घातलं, असं आठवडी बाजारात लोक बोलू लागले. त्याची जनावरं घेईनात. त्याच्या पोरीची ठरत आलेली सोयरीक पाहुण्यांनी लांबवली.

तीन आठवड्यांनी एका सकाळी तो डोंगर उतरून माझ्या घरी आला. अंगणातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. घोंगडी काढून खाली ठेवली. साठीचा माणूस, पण त्या दिवशी फार म्हातारा दिसत होता. आणि माझी मात्र नुकतीच दाढी झाली होती.

"सर, बिरोबाची शपथ," तो म्हणाला, "माझ्या बोकडाला सुई कधी लागली नाय. पण तुमी शिकलेली माणसं. डाक्टरबाईंनी फाडून बघितलाय. म्हंजी माझंच कुठंतरी चुकलं असंल. पोरानं माझ्या माघारी काय केलं असंल का, त्येबी विचारून झालं. हौसा भलतंच काय सांगत होती, पण तिचा तुमच्यावर राग हाय म्हणतात. मला एवढंच सांगा, सर. ह्ये पाप फेडायला मी काय करू?"

माझी बायको दारात चहाचा कप घेऊन उभी होती. समोरच्या घरातली माणसं ओट्यावर येऊन ऐकत होती. मी दोन पायऱ्या उतरलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझा आवाज आपोआप माइकवरचा झाला.

"जाऊ दे बिरू," मी म्हणालो. "चूक माणसाच्याच हातून होते. मंडळानं तुला माफ केलं आहे."

त्यानं वाकून माझे पाय दोन्ही हातांनी धरले. मी ते मागं घेतले नाहीत.